शून्य खर्चाचा खोकला

सकाळी जावई खोकला की बदकं बाहेर यायची.

ऐकायला हे म्हणीसारखं वाटतं, पण होतं ते शब्दशः. जावई मागच्या दाराची कडी काढायचा, अंगणात पाऊल टाकायचा, आणि तळ्यावरची ओली कुबट हवा छातीत शिरली की त्याला ढास लागायची. पहिली ढास बारीक असे. तिच्यासरशी तळ्यावरच्या खुराड्यात कोंबड्यांची कुजबुज सुरू व्हायची. दुसरी जरा खोलातली. तिला बदकं फळीवरून एकामागे एक उतरायची, प्रार्थनेला निघालेल्या वर्गासारखी. तिसरी मात्र कमरेतून वाकवणारी, डोळ्यांत पाणी आणणारी. ती ऐकली की काठाजवळचं पाणी उकळी फुटल्यासारखं हलायचं, कारण मासे तोंडं वर काढून हजर व्हायचे. गोठ्यातली गाय, जी एरवी कोणाच्या बापाला दाद देत नसे, ती तोवर पान्हावून उभी असायची.

यात चमत्कार काही नव्हता. जावई खोकतो, मग खाणं टाकतो, हे जनावरांनी पाहून ठेवलं होतं. तेवढं कळायला पदवी लागत नाही. जावयाकडे पदवी होती, आणि त्याला हे सगळ्यांत शेवटी कळलं.

सासरेबुवांची शेती एकात्मिक होती. हा शब्द ते टोपी सारखी करून उच्चारत. कोंबड्यांचं खुराडं तळ्याच्या पाण्यावर बांबूंच्या खांबांवर उभं होतं. त्यांची घाण फळ्यांच्या फटींतून थेट पाण्यात पडायची, तिच्यावर शेवाळ माजायचं, शेवाळावर मासे. तळ्याचं पाणी भाताच्या खाचरांत जायचं आणि त्या खाचरांत बदकं गोगलगायी टिपत, तण तुडवत हिंडायची. तळ्यातला गाळ केळीला, केळीची पानं आणि बांधावरचं गवत गाईला, गाईचं शेण गॅसच्या टाकीत, टाकीतला रबडा पुन्हा तळ्यात.

"एकाची घाण ते दुसऱ्याचं ताट!" बघायला आलेल्या माणसांना सासरेबुवा सांगत. "इथं काही म्हणजे काही वाया जात नाही."

माणसं माना डोलवत. जावई पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचा. जलचक्र त्याने फळ्यावर इतक्यांदा काढलं होतं की झोपेतही काढलं असतं. पण त्या चक्रातलं पाणी निदान मधूनमधून ढगात तरी जाऊन यायचं. या चक्रात तशी सोय नव्हती.

तो इथे आला होता सुट्टीपुरता. शाळेतली नोकरी हंगामी होती, ती संपली. सासरे म्हणाले, "नवीन मिळेपर्यंत या दोघं. हवापालट होईल." हवा खरोखरच पालटली. पहिल्या दिवशी त्याने नुसती शिडी धरली. दुसऱ्या दिवशी शिडीवर चढला. रिकामा माणूस आणि रिकामं खाचर या दोन गोष्टी सासऱ्यांना बघवत नसत. काही वर्षं झाली तरी सुट्टी चालूच होती, आणि गावात त्याला नावाने ओळखणारं कोणी उरलं नव्हतं. दूध न्यायला येणारा टेम्पोवालासुद्धा त्याला "जावईबापू" म्हणायचा, आणि त्यात "घर" हा शब्द तो फक्त डोळ्यांनी जोडायचा.

खोकल्याला प्रतिष्ठा मिळवून दिली कृषी अधिकाऱ्याने. शेतीत जे काही वरून घालायचं, म्हणजे बी, खत, औषध, त्याला सरकारी भाषेत निविष्ठा म्हणतात. अधिकारी प्रशिक्षणार्थींची एक तुकडी घेऊन आला असताना जावयाला ढास लागली आणि बदकं उतरली, मासे वर आले. अधिकारी हरखला.

"हे काय आहे?"

"आमचे जावई," सासरेबुवा म्हणाले. "त्यांचा खोकला आहे."

अधिकाऱ्याने क्षणभर विचार केला आणि तुकडीकडे वळून म्हणाला, "लिहून घ्या. शून्य खर्चाची ध्वनिनिविष्ठा."

सगळ्यांनी लिहून घेतलं. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "हे जावई सगळ्यांनाच मिळतात का, की अर्ज करावा लागतो?" त्यावर बराच हशा झाला. जावईही हसला, आणि हसण्यातून खोकला उठला, आणि बदकं पुन्हा एकदा येऊन उभी राहिली.

मग एका आठवड्यात त्याला जिना चढवेना. तेव्हा तो तालुक्याच्या डॉक्टरकडे गेला.

डॉक्टरांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, परक्याच्या घरातलं भांडण ऐकावं तसं. "कोंबड्या आहेत?"

"माझ्या नाहीत. सासऱ्यांच्या."

"फुप्फुसाला मालकी कळत नाही. बदकं?"

"आहेत."

"जुना, बुरशी आलेला पेंढा?"

"त्याच्यावरच बसून जेवतो कधीकधी."

डॉक्टरांनी नळी गळ्यात टाकली. "पिसांची धूळ, विष्ठेची धूळ, पेंढ्याची बुरशी. तुमच्या छातीला हे चालत नाही. गोळ्या देतो, खोकला बसेल. पण तिथंच राहिलात तर परत उठेल. असं चालू राहिलं तर फुप्फुस कडक होत जाणार. मग मी गोळ्या लिहीत राहीन, तुम्ही घेत राहाल, दोघांनाही काहीतरी केल्याचं समाधान. जागा बदला."

"किती दिवस?"

"दिवस नाही म्हणालो मी. जागा म्हणालो."

नशीब कधीकधी पत्ता बरोबर शोधत येतं. त्याच आठवड्यात त्याच्या एका कॉलेजमित्राचा फोन आला. मित्र उंच माळावरच्या एका निवासी शाळेत मुख्याध्यापक झाला होता. वसतिगृहाला अधीक्षक हवा होता. दोन खोल्या मिळणार होत्या आणि थोडा भूगोलही शिकवायला मिळणार होता.

"पण आधीच सांगतो," मित्र म्हणाला, "भकास जागा आहे. पाणी टँकरने येतं. झाड तर औषधालाही नाही."

"तेच औषध पाहिजे," जावई म्हणाला. "बदकं?"

"बदकं कशाला असतील, वेड्या?"

"नाही ना?"

"सोमवारी हजर हो. सोमवार चुकला तर संस्थेच्या चेअरमनचा भाचा टपून बसलाय."

जावयाने ही गोष्ट बायकोला गोठ्यात सांगितली. ती सासरेबुवांची मुलगी होती, हे वेगळं सांगायला नको, पण घरात ते रोज वेगळं सांगितलं जायचं. याआधीही दोघांचं जायचं ठरलं होतं. प्रत्येक वेळी ती म्हणाली होती, "येते, पण गाय आटू दे," किंवा "येते, पण भात निसवू दे." या खेपेला तिने त्याच्या छातीतली शिट्टी ऐकली, धार काढता काढता थांबली आणि म्हणाली, "येते."

जावई 'पण'ची वाट पाहत उभा राहिला. 'पण' आला नाही. त्याला जरा भीतीच वाटली.

जेवताना त्याने विषय काढला. ताटं मांडलेली होती, सासरेबुवा होते, बायको वाढत होती, आणि मेव्हणा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मेव्हण्याला सगळे इंजिनियर म्हणत. त्याने एकदा पाण्याचा पंप दुरुस्तीला उघडला होता. तो अजून उघडाच होता.

"जा की," सासरेबुवा म्हणाले. "मी कोणाला बांधून ठेवलंय? बांधायची ती गाय. फक्त मासे काढेपर्यंत थांबा."

"मासे काढले की तुम्ही लगेच पिल्लं सोडणार."

"मग रिकामं तळं ठेवू? पिल्लं जरा बोटाएवढी होऊ दे, मग जा."

"तोवर गाय पुन्हा व्यायला येईल."

"आता ते काय माझ्या हातात आहे का जावईबापू? तो तिचा प्रश्न."

साध्या शेतीत निदान हंगाम संपतो. सुगी झाली की माणूस हातपाय पसरतो, चार दिवस कुठे जाऊन येतो, निदान भांडण तरी करतो. एकात्मिक शेतीचा मोठा गुण म्हणजे वर्षभर काही ना काही हाताशी येत राहतं, आणि त्यामुळे वर्षभर हात काही मोकळा होत नाही. जायला बरा दिवस असा तिथे उगवतच नसे. हे जावयाला आता कळलं होतं, म्हणून तो बऱ्या दिवसाची वाट न बघता म्हणाला, "सोमवारी जातोय आम्ही."

'आम्ही' या शब्दावर सासऱ्यांनी मुलीकडे पाहिलं. तिने आमटीची पळी खाली ठेवली नाही आणि वरही उचलली नाही.

"बरं," सासरे म्हणाले. "गोळ्या कधी घ्यायच्यात?"

"सकाळ-संध्याकाळ."

"सकाळची दुपारी घ्या. सोमवारपर्यंत तरी."

"डॉक्टरांनी सांगितलंय—"

"डॉक्टरकडे गाय आहे का?"

याला उत्तर नव्हतं, कारण डॉक्टरकडे गाय नव्हती.

"टेन्शन घेऊ नका हो दाजी," इंजिनियर मोबाइलमधून वर न बघता म्हणाला. "तुमचा खोकला मी रेकॉर्ड करून ठेवतो. आवाजच पाहिजे ना त्यांना? माणूस कशाला?" हे इतक्या प्रेमाने म्हटलं होतं की जावयाला रागही आला नाही. दुसऱ्या सकाळी इंजिनियर मोबाइल घेऊन त्याच्या मागेमागे फिरला आणि तिन्ही ढासा टिपून घेतल्या. "वा! मस्त आला," तो म्हणाला. "आतून येतो एकदम."

त्यानंतर जावयाने सकाळची गोळी सकाळीच घ्यायला सुरुवात केली. एवढं एकच बंड त्याने आयुष्यात केलं, आणि तेही कोमट पाण्याबरोबर.

शनिवारी खोकला बसला.

त्याने कडी काढली, अंगणात पाऊल टाकलं, ओली हवा छातीत घेतली, आणि काही झालं नाही. श्वास आत गेला, खोल गेला, कोपऱ्यात जाऊन बसून आला. छातीत एवढी जागा आहे हे तो विसरूनच गेला होता. एखादा पाहुणा ठेवता आला असता. तो तसाच उभा राहून नुसता श्वास घेत राहिला.

तळ्यावर शांतता होती. बदकं फळीच्या टोकाशी येऊन माना तिरक्या करून बघत होती. फळी उतरायला कोणी तयार नव्हतं. जावयाने खाणं टाकलं तर ते पाण्यावर तरंगत राहिलं आणि मग भिजून बुडालं. मासे आले नाहीत. गाईने बादलीत चार चुळा दूध दिलं आणि बाकीचं चोरलं, वर चढवून ठेवलं. बायकोने पाठीवरून हात फिरवला, गूळपाणी पाजलं, नावं ठेवली. वासराने आईचं दूध केव्हाच सोडलं होतं, त्यामुळे त्याचाही उपयोग नव्हता.

"इंजिनियर!" सासऱ्यांनी हाक मारली.

इंजिनियरने मोबाइल गाईच्या कानाशी धरून बटण दाबलं. जावयाची पहिली ढास आली. गाईने कान टवकारले. दुसरी आली. कासेला जरा सैल पडल्यासारखं झालं. तेवढ्यात त्याच मोबाइलमधून इंजिनियरचा स्वतःचा आवाज आला, "होतंय का रेकॉर्ड?" गाईला त्याचा आवाज आवडत नसे. तिने लाथ झाडली, बादली गोठ्याबाहेर गेली आणि तिच्यामागून इंजिनियर.

मग सासरेबुवा स्वतः खोकले. त्यांना जन्मात कधी खोकला झाला नव्हता, ते त्यांच्या फुप्फुसांचं कौतुक नेहमी सांगत. त्यामुळे जे काही बाहेर पडलं ते करवतीने ओंडका कापल्यासारखं होतं. खुराड्यातल्या कोंबड्या घार आल्यासारख्या चिडीचूप झाल्या.

जावई हे सगळं ओट्यावर उभं राहून बघत होता आणि चेहरा सुतकी ठेवायचा प्रयत्न करत होता. सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "गोळी सकाळी घेताय तुम्ही."

"हो."

"चांगलं केलंत," सासरे म्हणाले आणि निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

रविवारीही तेच. टिनाचे डबे वाजवून झाले, शिट्ट्या मारून झाल्या. बदकांना शेवटी इंजिनियरने एकेक करून उचलून खाली ठेवलं, ती एकेक करून पुन्हा वर गेली. गाय संध्याकाळी हंबरायला लागली. कास तटतटून घट्ट झाली होती आणि हाताला गरम लागत होती. बायको गरम फडक्याने शेकत बसली. मधे एकदा तिने वर पाहिलं. जावयाला वाटलं, आता ती थांबायला सांगेल. पण ती म्हणाली, "तुमचा निळा सदरा कुठल्या पिशवीत ठेवलाय? वरच राहू दे, उद्या लागेल." तिने दोघांच्या पिशव्या भरून ठेवल्या होत्या. ती काही मागत नव्हती. मागितलं असतं तर त्याला नाही म्हणता आलं असतं.

सोमवारी पिशव्या ओट्याच्या पायरीवर होत्या. बस खाचरांपलीकडच्या वळणावर हॉर्न वाजवायची आणि केळीच्या कडेला थांबायची. हॉर्न ऐकून निघालं तरी मिळायची. जावयाने निळा सदरा घातला होता, दाढी केली होती, आणि छाती इतकी हलकी होती की तिच्यावर विश्वास बसत नव्हता. बायको दिसेना.

ती गोठ्यात होती. बाहेर जायची नवी साडी नेसलेली, पदर खोचलेला, दोन पायांवर बसलेली, बादली गुडघ्यांत. गाय एक पाय सारखा उचलत होती.

"चल ना. बस येईल."

"हो. एवढी मोकळी करते आणि निघू. अशी टाकून कशी येऊ? आजचा दिवस गेला तर सड बाद होईल हिचा."

"इंजिनियर करेल की."

तिने सड ओढला. एक बारीक धार आली, बादलीच्या तळाशी टण्णकन वाजली आणि बंद झाली.

जावई दाराच्या चौकटीला टेकला. त्याने हिशोब केला, आणि तो हिशोब तेव्हा इतका सरळ दिसला की पुढे त्याला त्याचंच आश्चर्य वाटत राहिलं. एक ढास. गाय पान्हावते, ती मोकळी होते, ही उठते, आम्ही जातो. एकच. दाराआडून, हळू, गाईपुरती. ज्या खोकल्याने एवढी वर्षं अडकवलं, त्यानेच एकदा सोडवलं तर काय बिघडलं?

पण बरा झालेला घसा खोकला विसरलेला होता. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा उचकीसारखं काहीतरी. बायकोने मान वर करून पाहिलं. ती "नको" म्हणणार होती की काय, कोण जाणे; तेवढ्यात त्याने डोळे मिटून पोटातून जोर लावला, आणि तो निघाला. खणखणीत, खोल, अगदी मुळाबरहुकूम.

गाईने सुस्कारा सोडला. धार सुटली. बादलीत एका लयीत दूध पडायला लागलं, फेस वर चढायला लागला. बायकोच्या खांद्यावरचा ताण उतरलेला त्याला पाठीमागूनही दिसला.

आणि त्याच क्षणी तळ्यावर फळी वाजली.

बदकांना दोन दिवसांची भूक होती. रांगबिंग काही नाही. सगळी एकदम कोसळल्यासारखी उतरली आणि तळ्याला वळसा घालून थेट रोपांच्या वाफ्याकडे निघाली. तिथे लावणीचं कोवळं भातरोप उभं होतं, अख्ख्या खाचरांचं.

"अहो, बदकं!" बायको ओरडली. तिच्या दोन्ही हातांत सड होते आणि पान्हा सोडून उठता येत नाही. "वाफ्यात शिरली तर काही राहायचं नाही. तेवढं खाणं टाका ना, वळतील!"

जावई धावला. खाण्याचं पोतं काठावर, खुराड्याच्या कडेखाली होतं. त्याने तोंड सोडलं, दोन्ही हातांनी कोंडा उपसला आणि तळ्याच्या काठाने फेकत सुटला. बदकं वळली. कोंड्याचा ढग उठला, पिसांचा उठला, वर खुराड्यात कोंबड्यांनी पंख झोडायला सुरुवात केली आणि फटींतून दोन दिवसांची धूळ त्याच्या निळ्या सदऱ्यावर गळायला लागली. खाचरांपलीकडे हॉर्न वाजला.

दुसरी ढास त्याने काढली नाही. ती आपली आपण आली. तिसरीही आली, कमरेतून वाकवणारी, आणि त्याच्या पायांशी पाणी उकळायला लागलं. मासे आले होते, सगळे, तोंडं उघडी टाकून.

तो वाकलेला असतानाच केळीपलीकडून बस थांबल्याचा, कोणीतरी उतरल्याचा आणि बस निघाल्याचा आवाज आला. सरळ व्हायला त्याला वेळ लागला.

ओट्यावर सासरेबुवा उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हता. नुसता खराखुरा आनंद होता, घरातलं आजारी माणूस उठून बसल्यावर होतो तसा.

"ऐकलंस का रे इंजिनियर?" ते आत वळून म्हणाले. "जावईबापू बरे झाले."

इंजिनियर बाहेर आला, पायरीवरच्या पिशव्या पायात येतात म्हणून त्याने त्या उचलून आत नेल्या. फोन कोणीतरी करायला हवा होता, माळावरच्या शाळेत. चेअरमनच्या भाच्याला ते फोनच्या आधीच कळणार होतं.

बायको भरलेली बादली घेऊन गोठ्याबाहेर आली. नवी साडी शेणाने माखली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, बस गेलेल्या बाजूला पाहिलं, बादली खाली ठेवली आणि पदराने त्याच्या कपाळावरचा कोंडा पुसला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, धुळीने असेल.

"तोंडाला फडकं बांधत जा," ती म्हणाली. मग तळ्याकडे बघून, सवयीने, काही विचार न करता तिने पुढचं वाक्य जोडलं.

"पण सैल बांधा. त्यांना ऐकू गेलं पाहिजे."